सौम्य स्पॅनिश शिव्या इंग्रजीत: लाकडं झाली, खांब झाला, ‘सो’ राहिला

सौम्य स्पॅनिश शिव्यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधतोय. या खेपेला लाकडांवरून आलेल्या शिव्यांचा गट हातावेगळा केला. (उच्चार माद्रिदकडचे धरलेत, म्हणून जागोजागी ‘थ’ दिसेल.) ‘थोकेते’ म्हणजे सुतारकामात उरलेला लाकडाचा ठोकळा आणि डोक्याने मंद माणूसही. त्याला ‘ब्लॉकहेड’ आयता मिळाला. ‘आल्कोर्नोके’ म्हणजे ज्याच्या सालीची बुचं करतात तो ओक. एक्स्त्रेमादुरा आणि आंदालुसियात त्याची रानंच्या रानं आहेत. इंग्रजाच्या घरात बूच असतं, पण त्या झाडावरून कुणाला ठोंब्या म्हणावं हे त्याला सुचत नाही. तिथेही ‘ब्लॉकहेड’वरच भागवलं. दोघांना एकच शब्द देणं मला आवडत नाही, पण रुसायचं कुणावर?

अर्थापेक्षा वजन आधी बघायचं, हा माझा नियम कायम आहे. कोकणातली आजी नातवाला ‘मेल्या’ म्हणते तेव्हा कुणी अर्थाकडे बघत नाही. म्हणून प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकच प्रश्न विचारतो: जेवणाच्या टेबलावर मावशी भाच्याला हे म्हणाली तर बाकीचे जेवत राहतील का? ‘मेर्लुथो’ हे नाव हेक माशावरून आलंय आणि अर्थ बावळट. इंग्रजीत ‘कोल्ड फिश’ म्हणजे भावनाशून्य माणूस आणि ‘ओल्ड ट्राउट’ म्हणजे खाष्ट म्हातारी, त्यामुळे मासा सोडून दिला. स्कॉटलंडचा ‘नम्प्टी’ घेतला. मावशी पास.

खरी मजा जोडशब्दांत आली. स्पॅनिशमध्ये आधी क्रियापद, मागून बहुधा अनेकवचनी नाम, की झाली शिवी. ‘आग्वाफिएस्तास’ म्हणजे मेजवानीत पाणी ओतणारा. आपण विरजण घालतो, इंग्रज ‘किलजॉय’ म्हणतो. ‘चुपातिंतास’ म्हणजे शाई चोखणारा, थोडक्यात कारकुंडा, तो ‘पेन-पुशर’. ‘किलजॉय’, ‘स्पॉइलस्पोर्ट’, ‘टर्नकोट’ हे सगळे स्पॅनिश साच्यातलेच, पण इंग्रजीत या साच्यातून नवे शब्द पडणं जवळपास बंद झालंय. ‘लिकस्पिटल’ आणि आपला ‘थुंकीझेल्या’ तर सख्खे भाऊ शोभतील, फक्त आपलं क्रियापद मागे.

‘कांतामान्यानास’ने बराच वेळ खाल्ला. शब्दशः ‘उद्या, उद्या’ असं गाणारा, प्रत्यक्षात मोठमोठ्या बाता मारून काहीच न करणारा. अमेरिकन ‘फ्लेक’ ऐनवेळी टांग देतो खरा, पण बाता मारत नाही. ‘ब्लोहार्ड’ बाता मारतो, पण शब्द पाळणारच नाही असं काही नाही. शेवटी ब्रिटिश ‘ऑल माउथ अँड नो ट्राउझर्स’ घेतलं. लांबलचक आहे, पण माणूस तोच उभा राहतो.

‘आब्राथाफारोलास’ हा माझा लाडका. दिव्याच्या खांबांना मिठ्या मारणारा. हा शब्द रेडिओवरचे क्रीडापत्रकार होसे मारिया गार्थिया यांनी गाजवला. तयार प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत पडलोच नाही. ‘ट्री-हगर’ (झाडांना मिठ्या मारणारा, म्हणजे पर्यावरणवाद्यांना चिडवायचा शब्द) सगळ्यांना ठाऊक आहे, तर ‘लॅम्पपोस्ट-हगर’ का चालू नये? ऐकणाऱ्याला चित्र दिसतं आणि अपमान झाला हेही कळतं.

आता ‘बोबो’. ९ डिसेंबर २०२२, कतारमधलं लुसैल, फुटबॉलचा विश्वचषक. नेदरलँड्सविरुद्धचा सामना अर्जेंटिनाने पेनल्टींवर काढला. मुलाखत देता देता मेस्सीची नजर वाउट वेगहोर्स्टवर गेली. याच गड्याने दोन गोल मारून सामना लांबवला होता. ‘के मिरास, बोबो?’ आणि वर ‘हो तिकडे’. इंग्रजी बातम्यांत कुठे ‘फूल’ आलं, कुठे ‘इडियट’. ‘फूल’ने माणूस नाटकात उभा असल्यासारखा वाटतो, ‘इडियट’ फार जड पडतं आणि ‘सिली’ म्हणजे बालवाडी. गंमत अशी की एवढ्या चिडलेल्या माणसाच्या तोंडून निघालं काय, तर शाळकरी पोरं वापरतात तो शब्द! म्हणून तर तो मगांवर आणि टी-शर्टांवर छापला गेला. हे पोरकटपण टिकवायला मी ‘डमी’ ठेवलाय. अमेरिकन वास येतो, पण वजन बरोबर बसतं. मराठीत ‘काय बघतोस रे, येड्या?’ म्हटलं की काम झालं, कारण अर्धं ओझं ‘रे’ उचलतो. इंग्रजीत तो नाही.

राहिला ‘सो’. हा शिवीच्या आधी लागतो: ‘सो तोंतो’, ‘सो बुर्रो’. मूळ ‘सेन्योर’च, झिजून एवढासा उरलेला, आपण एखाद्याला खोचकपणे ‘राजेश्री’ म्हणतो त्याच जातीचा. नुसतं ‘यू डाँकी’ लिहिलं की मान देऊन गाढव म्हणण्यातली खोच जाते. तूर्त ‘यू प्राइझ डाँकी’ असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. ‘सो’च्या मागे येणारे बाकीचे प्राणी पुढच्या खेपेला.