काहनेमन यांचे चौथे प्रकरण वाचण्याआधी

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचे ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ हे पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. माणूस निर्णय कसे घेतो, याविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत मला ते आजही सर्वांत मोलाचे वाटते. तरीही कोणी ते वाचायला घेत असेल, तर दहावे प्रकरण आधी वाचावे आणि चौथे त्यानंतर, असे मी आवर्जून सांगतो.

दहाव्या प्रकरणाचा विषय लहान नमुन्यांवर, म्हणजे थोड्याच लोकांच्या पाहणीवर, आपण ठेवतो तो भाबडा विश्वास हा आहे. अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक काउंट्यांपैकी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी कोठे आहे, हे पाहिले तर त्या बहुतेक ग्रामीण आणि विरळ वस्तीच्या निघतात. शुद्ध हवा, ताजे अन्न अशी कारणे लगेच सुचू लागतात. मात्र ज्या काउंट्यांत हे प्रमाण सर्वाधिक आहे, त्याही ग्रामीण आणि विरळ वस्तीच्याच आहेत. खेड्यातले जीवन एकाच वेळी या रोगाला आवरणारे आणि वाढवणारे असू शकत नाही. लोकसंख्या थोडी असली की आकडे केवळ योगायोगाने दोन्ही टोकांना जातात, एवढाच त्याचा अर्थ. काहनेमन आणि त्यांचे सहकारी आमोस ट्वर्स्की यांनी १९७१ साली याच विषयावर निबंध लिहिला होता. संख्याशास्त्राचे शिक्षण घेतलेले संशोधकही लहान नमुन्यांवर नको तितके विसंबतात, हे त्यांनी त्यात दाखवले होते.

आता चौथ्या प्रकरणाकडे वळू. ते मुख्यतः ‘प्रायमिंग’विषयी आहे, म्हणजे नकळत कानावर किंवा डोळ्यांवर आलेला शब्द आपले पुढचे वागणे कसे बदलतो याविषयी. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग जॉन बार्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सुटे शब्द देऊन त्यांची वाक्ये बनवायला सांगण्यात आले. एका गटाच्या शब्दांत सुरकुती, विसराळू, फ्लोरिडा (निवृत्तांच्या वस्तीसाठी ओळखले जाणारे अमेरिकी राज्य) असे वार्धक्य सुचवणारे शब्द पेरलेले होते आणि काम संपवून बाहेर पडताना तो गट व्हरांड्यातून अधिक सावकाश चालला, असा निष्कर्ष निघाला. विद्यार्थी होते केवळ तीस. अशा प्रयोगांचे मुख्य निष्कर्ष खरे मानण्यावाचून गत्यंतर नाही, असे काहनेमन यांनी या प्रकरणात ठामपणे लिहिले.

पुस्तक आल्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, ब्रसेल्समधील संशोधकांनी हा प्रयोग १२० जणांवर केला आणि चालण्याचा वेग हातातल्या घड्याळाऐवजी अवरक्त किरणांच्या संवेदकांनी मोजला. वेगात फरक आढळला नाही. दुसऱ्या फेरीत, ‘हे लोक सावकाश चालतील’ अशी अपेक्षा प्रयोग घेणाऱ्यांच्या मनात आधीच निर्माण केली होती, तेव्हा मात्र तो परिणाम दिसला. मला ही दुसरी फेरी मूळ प्रयोगापेक्षा कितीतरी अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात निरीक्षकाचे मनही तपासले गेले.

त्याच वर्षी काहनेमन यांनी या क्षेत्रातील संशोधकांना खुले पत्र लिहून मोठी आपत्ती समोर दिसते आहे असा इशारा दिला आणि एकमेकांच्या प्रयोगशाळांतील निष्कर्ष पुन्हा तपासण्याची विनंती केली. पुढे २०१७ साली पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणावर सविस्तर टीका झाली, तेव्हा त्यांनी जाहीर उत्तर दिले. अपुऱ्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण अवाजवी विश्वास ठेवला आणि त्या प्रकरणातील विचारांना असलेला पुरावा लिहिताना वाटला होता त्याहून बराच दुबळा आहे, असे त्यांनी कबूल केले. लहान नमुन्यांविषयीच्या स्वतःच्या जुन्या निबंधाची आठवणही त्यांनीच करून दिली. प्रायमिंग होऊ शकते हे मत त्यांनी पूर्णपणे सोडले नाही. नोबेल पारितोषिक मिळालेल्या, ऐंशी ओलांडलेल्या अभ्यासकाने आपल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकाविषयी असे लिहावे, याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

पुस्तकातील सर्वच गोष्टी मात्र डळमळीत झालेल्या नाहीत. १० किंवा ६५ वर थांबेल असे बनवलेले चक्र फिरवून, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे शेकडा प्रमाण किती, असे विचारले असता पहिल्या आकड्यानंतर सरासरी अंदाज २५ आणि दुसऱ्यानंतर ४५ आला, हा काहनेमन आणि ट्वर्स्की यांचा प्रयोग. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६ ठिकाणी सहा हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या सामूहिक फेरतपासणीत अशा आधीच्या आकड्याचा प्रभाव भक्कमपणे टिकला. त्याच तपासणीत प्रायमिंगचे दोन प्रयोग मात्र टिकले नाहीत. काहनेमन आणि ट्वर्स्की यांचे स्वतःचे काम आणि इतरांकडून घेतलेले चौथ्या प्रकरणातले साहित्य, यांतली ही तफावत वाचकाला ठाऊक असायलाच हवी.

अडचण अशी की छापलेले पान फेरतपासणीची वाट पाहत नाही. माझ्याकडील प्रतीत ते ठाम विधान जसेच्या तसे आहे आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत सावकाश चालणारे विद्यार्थी मी आजही ऐकतो. अशी पुस्तके मराठीत आणणाऱ्या अनुवादकांनी आणि प्रकाशकांनी मूळ पुस्तकानंतर काय घडले, यासाठी आरंभी दोन पाने राखून ठेवावीत. या पुस्तकाच्या बाबतीत तर ती दोन पाने खुद्द लेखकाच्या २०१७ च्या उत्तरानेच भरता येतील.