तुम्ही विचारलंत म्हणून: यात खरं किती?

प्रश्न दोन बाजूंनी येतो. मी लिहिलेलं संगीतकाराचं चरित्र वाचलेले विचारतात, 'मग ऐतिहासिक कादंबऱ्या कशाला लिहिता?' कादंबरी वाचलेले विचारतात, 'यातलं खरं किती?' दोघांनाही शंका एकच आहे: कादंबरीत बिनदिक्कत संवाद रचणारी बाई चरित्रात हात आवरून बसली असेल कशावरून?

दोन्ही लिहिणारी मी काही पहिली नाही. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँनी 1903 मध्ये जर्मन संगीतकार बेथोव्हेनचं चरित्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षापासून संगीतकार नायक असलेली दहा खंडांची कादंबरी. पण असे दाखले देऊन कोणाचं समाधान होत नाही, हेही मला माहीत आहे.

कादंबरीवरचा आरोप जास्त, म्हणून आधी तिचं. 'कल्पनेनंच लिहायचं तर अभ्यास कसला?' म्हणणाऱ्यांनी सतराव्या शतकातलं एकच वर्ष तारीखवार मांडून बघावं. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे. पण जानेवारी लागला की फाल्गुनअखेरपर्यंत 79. मुंबई-सुरतेच्या इंग्रजांची दिनदर्शिका जुनी, गोव्याच्या पोर्तुगीजांची नवी, मध्ये 10 दिवसांचं अंतर. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. इंग्रजांच्या हिशेबानं 6 जून 1674, पोर्तुगिजांच्या हिशेबानं 16 जून. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या पत्रावरचा फेब्रुवारी 1673 म्हणजे आपला 1674. हे न बघता दोन पत्रं शेजारी ठेवली की गोव्याहून आलेला जासूद निघायच्या आधीच रायगडावर पोचतो. तिथी हाती लागली तर चांदणं फुकट मिळतं. शुद्ध त्रयोदशीला मध्यरात्र उलटली तरी चंद्र असतो; वद्य चतुर्दशीला जवळजवळ पहाटेपर्यंत काळोख, आणि त्या रात्री माझ्या नायकाला दुरून कोणाचा चेहरा ओळखता येत नाही. प्रसंगाला कितीही गरज असली तरी नाही.

चरित्रातली झटापट निराळी दिसते, पण जात तीच. नाट्यपदाच्या जुन्या 78 आरपीएम (मिनिटाला 78 फेरे) तबकडीच्या लेबलावर असतो तो विक्रीचा क्रमांक. ध्वनिमुद्रणाचा मॅट्रिक्स क्रमांक लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत उमटलेला असतो. तेच ध्वनिमुद्रण नव्या लेबलाखाली पुन्हा विकायला आलं की पहिला क्रमांक बदलतो, दुसरा सहसा नाही. लेबलावरून साल ठरवलंत तर उतारवयातल्या गवयाच्या गळ्यात तरुणपणचा आवाज बसतो. आणि दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपते, म्हणून रंगमंचावर ते पद तीन मिनिटांचं होतं असंही नाही. वन्समोर तबकडीत मावत नाहीत.

पूर्वी मी या प्रश्नाला झटकन उत्तर द्यायचे: कागद संपतो तिथवर चरित्र, पुढं कादंबरी. सभेत हे वाक्य चालतं. मला ते पुरेनासं झालं अँटोन शिंडलरमुळे.

बेथोव्हेनला ऐकू येईना, तेव्हा 1818 पासून भेटायला येणारे वहीत लिहून विचारायचे आणि तो बहुतेक वेळा तोंडी उत्तर द्यायचा. म्हणजे आपल्या हाती संभाषणाची एकच बाजू. दुसरी हवेत गेली. शिंडलर हा त्याचा बिनपगारी चिटणीस. 26 मार्च 1827 ला बेथोव्हेन गेला आणि वह्या शिंडलरकडे आल्या. 1840 मध्ये त्यानं चरित्र छापलं, 1846 मध्ये सव्वाशेहून जास्त वह्या बर्लिनच्या राजग्रंथालयाला विकल्या. पुढच्या चरित्रकारांना शिंडलरच्या पुस्तकावर विश्वास नसला तरी वह्यांवर होता. का नसावा? वही अस्सल, अक्षर ओळखीचं, लिहिणारा प्रत्यक्ष तिथे वावरलेला.

1977 मध्ये वह्यांचं संपादन करणाऱ्या बर्लिनमधल्या अभ्यासकांनी जाहीर केलं की शिंडलरनं बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर कोऱ्या जागा हेरून स्वतःच्या नोंदी घुसडल्या आहेत. दीडशेहून अधिक. आजूबाजूच्या बोलण्याशी त्यांचा सांधा जुळत नाही. शिंडलरची खरी जवळीक 1822 च्या अखेरीची, पण वहीत तो त्याच्या कितीतरी आधीपासून खुशाल बोलतो. मेट्रोनोमवाल्या, म्हणजे लय मोजायच्या यंत्रवाल्या, मेल्झेलची थट्टा करणारा 'टा टा टा' हा छोटा कॅनन (एकच सूर एकामागून एक आवाजांनी उचलायचा, अशी रचना), ज्यातून म्हणे आठव्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, दुसरा भाग निघाला, तोही शिंडलरनंच रचलेला मानतात. त्याला आधार देणाऱ्या नोंदीही त्याच्याच.

त्याची कारागिरी बघा. बेथोव्हेनचं एकही वाक्य त्याला बनवावं लागलं नाही. आपली बाजू अशी लिहायची की समोरच्यानं काय सांगितलं असेल ते वाचणाऱ्यानंच भरून घ्यावं. बेथोव्हेननं 1817 मध्ये पहिल्या आठ सिंफनींच्या लयीचे आकडे स्वतः छापून दिले होते. लय कुठे सैल सोडायची, यावर त्या आकड्यांपेक्षा शिंडलरला आपला शब्द वरचढ ठरवायचा तर असंच काही हवं होतं. ही कादंबरीकाराची युक्ती आहे, मी रोज वापरते ती. मला राग येतो तो युक्तीचा नाही, मुखपृष्ठावर 'चरित्र' छापल्याचा.

इथवर सोपं आहे: कागद खोटा, द्या फेकून. जुनी मी हेच म्हणाली असती. पण शिंडलर काही वर्षं त्या घरात खरोखर होता. घुसडलेल्या एखाद्या नोंदीत ऐकलेलं, आठवलेलंही असू शकतं, आणि ते चाळून वेगळं काढायला चाळणी नाही. वह्यांच्या इंग्रजी भाषांतरात या नोंदी उडवलेल्या नाहीत. बनावट अशी खूण करून जागच्या जागी ठेवल्या आहेत. मला चरित्रात त्यातली एखादी घ्यायची झाली तर 'शिंडलर मागाहून लिहितो' हे शब्द वाक्यातच घालीन. तळटीपेत ढकलले तर उतारा उचलणारा ते मागे सोडून जातो. कादंबरीत घ्यायची झाली तर ती बेथोव्हेनच्या खोलीत घडवणार नाही, शिंडलरच्या मेजावर घडवीन, वह्या विकायच्या आधीच्या एखाद्या वर्षी. यातलं जास्त खरं कोणतं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.