ओमनीला टायर घेताना नुसतं "बाराचा द्या" म्हणू नका

ओमनी व्हॅन मारुतीनं २०१९ लाच बंद केली, पण आमच्या परभणी-जिंतूर-सेलू भागात आठवडी बाजाराच्या दिवशी येऊन बघा, अजून कितीतरी माल ओमनीतूनच उतरतो. आमच्याकडं पण एक आहे, मागची सीटं काढून टाकलेली, आत कापडाचे गठ्ठे, अन् सीझनला भावाचं मंडपाचं सामान पण तिच्यातच. यंदा चारी टायर बदलले तवापासून जो तो विचारायला की कोणते टाकले अन् कितीला पडले. भाव दुकानागणिक वेगळा असतो त्यामुळं तो सोडा, पण कोणते घ्यायचे याच्यावर मात्र लई बोलण्यासारखं आहे कारण इकडं निम्म्या ओमन्या चुकीच्या टायरवर पळायल्यात.

गंमत अशी की १२ इंचाची रिम मारुती ८०० ला पण आहे, जुन्या अल्टोला पण आहे अन् ओमनीला पण. त्यामुळं दुकानात जाऊन "बाराचा द्या" म्हणलं की दुकानदार जो समोर पडलाय तो काढून देतो, अन् तो बसतो पण, अडचण तीच आहे. ८०० चा टायर १४५/७० आर १२, अल्टोचा १४५/८० आर १२, अन् ओमनीचा १४५ आर १२ एलटी. हे शेवटचं एलटी म्हणजे लाइट ट्रक, त्याच्यापुढं ६पीआर नाहीतर ८पीआर लिहिलेलं असतं, म्हणजे टायरची ताकद, आकडा मोठा तेवढा टायर कडक अन् त्यात हवा पण जास्त भरता येते. कारचे टायर स्वस्त पडतात अन् गाडी मऊ चालते म्हणून लोक तेच टाकतात, अन् मग मागं सहा-सात गठ्ठे टाकले की टायर खाली चपटा.

साइजच्या बाजूला अजून एक दोन आकडी नंबर असतो, तो एका टायरनं किती वजन पेलायचं ते सांगतो. ८०० च्या टायरवर ६९ असतं, म्हणजे ३२५ किलो. अल्टोच्या टायरवर ७४, म्हणजे ३७५. एलटीमध्ये ८० लिहिलेलं असलं तर ४५०, अन् ८६ असलं तर ५३० किलो. आता चारनं गुणून बघा, ८०० च्या टायरवर सगळं मिळून १३०० किलो होतात, त्यातच गाडीचं वजन, ड्रायव्हर, एलपीजीची टाकी असली तर ती, अन् मग माल. आणि माल काय चारी चाकांवर सारखा थोडाच बसतो, सगळा भार मागच्या दोघांवर. एलटीमध्ये पण ८० अन् ८६ दोन्हीवर दोन आकडे असतात, ८०/७८ असे, त्यातला पहिला आपला, दुसरा जोडचाकाच्या गाडीसाठी.

आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांना हे आकडेबिकडे लागत नाहीत. टायर उभा धरतात, साइडवॉलवर दोन्ही अंगठे रोवून दाबतात अन् सांगून मोकळे, "ये कार का है रे, माल का नै."

दुसरी गोष्ट टायरचं वय. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या लायनीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असलं तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुन्या गाडीचं रनिंग कमी असतं त्यामुळं टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, खाचा नव्यासारख्या अन् साइडवॉलवर केसासारखे तडे. इकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो अन् गाडी दिवसभर बाजारात उन्हात उभी, रबर वाळणारच. खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, त्याच्यासाठी खाचेतच आडव्या बारीक पट्ट्या दिलेल्या असतात, रबर त्या पट्टीला टेकलं की बदला. पण तडे दिसले की खाच बघत बसू नका. नवीन टायर घेताना पण तो नंबर दुकानातच वाचा, आमच्या तालुक्याच्या गावाला असला माल हळू खपतो, दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर पण नवीन म्हणूनच गळ्यात मारतात.

हवेचं पण सांगतो कारण उन्हाळ्यात लोक उलटं करायलेत. "ऊन लई आहे, फुगंल, कमी भर" असं म्हणून हवा कमी ठेवतात. कमी हवा म्हणजे टायर चालताना जास्त दबतो, दबून दबून आतून तापतो, अन् टायर फुटतो तो बहुतेक ह्याच तापण्यानं. हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, जेवढी गाडीच्या पुस्तकात मालासकट दिलीय तेवढी. तापमान पाच-सहा डिग्री वाढलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआय वाढतोच, दुपारी जास्त दिसली म्हणून काढायची नाही. जालन्याहून समृद्धीवर चढणाऱ्यांनी तर हे नक्कीच बघावं, सिमेंटचा सरळ रस्ता, गाडी तासनतास एकाच स्पीडनं, टायरला थंड व्हायला उसंतच नाही. कारसाठी तिथं १२० ची मर्यादा आहे, पण ती ओमनीसाठी नाही असंच धरून चाला बरं का, भरलेल्या ओमनीला ८० लई झाले.

दोनच नवीन घ्यायची ऐपत असली तर ते मागं टाका. दुकानदार पुढं टाकू म्हणतो, ऐकू नका. ओमनी मागच्या चाकानं ओढती अन् भार पण मागंच, अन् पहिल्या पावसात ट्रॅक्टरनं काळी माती डांबरावर आणून टाकली की रस्ता साबणासारखा होतो, तिथं मागचं चाक घसरलं तर स्टेअरिंगनं सावरत नाही. पुढचे पण गुळगुळीत चालत नाहीत म्हणा, ड्रायव्हरचे पाय त्याच्यावरच असतात. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, पुढं तर अजिबात नको, अन् मागं पण भर उन्हाळ्यात माल घेऊन नको.

ट्यूबलेस घ्यायचा तर आधी रिम बघा, गंजलेली किंवा खड्ड्यात आपटून कड वाकलेली असली तर हवा धरत नाही, मग रोज सकाळी पंप.

कंपनीवरून भांडू नका, एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके जो एलटीमध्ये ताज्या तारखेचा भेटंल तो घ्या. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय तर पक्कं बिल घ्या अन् बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या टायमाला लागतो. एलटी मागितला की बरेच दुकानदार म्हणतात "मागवावा लागंल, दोन दिवस लागतील, तवर हा टाका ना, सगळे हाच टाकतात". मागवू द्या. तवर जुन्यावर अर्धाच माल भरा, नाहीतर एक बाजार चुकवा.