आत्याचं रेकॉर्डिंग: काळा पडदा एकदाचा गेला

काल रात्री आत्याने मला फोन न करता लॅपटॉपच्या पडद्याचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलं. डावीकडे मोडीतल्या खरेदीखताचा फोटो, उजवीकडे वर्डमध्ये देवनागरी, आवाज स्वच्छ. मी ते लागोपाठ दोनदा पाहिलं.

आत्याला पडदा रेकॉर्ड करायला सोपं काय, हे शोधताना मागच्या वेळी विंडोजमधल्याच गेम बारवर थांबलो होतो. विंडोज+ऑल्ट+आर दाबलं की सुरू, म्हणून तोच बरा वाटला होता. पण तो ज्या अॅपमध्ये सुरू करावा तेवढीच खिडकी टिपतो, त्यामुळे आत्या फोटोवरून वर्डवर गेली की वर्ड त्यात येतच नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमधलं रेकॉर्डिंग तिला सहज जमलं असतं, पण तिचा लॅपटॉप १० वरच आहे. एका विकतच्या सॉफ्टवेअरची ट्रायल टाकली, तर वॉटरमार्क नेमका अक्षरांवर. आठवड्याला दोन व्हिडिओ करणाऱ्या माणसाने त्यासाठी वर्षाची वर्गणी भरावी, हे मला पटत नाही.

म्हणून ओबीएस, पडदा रेकॉर्ड करायचं फुकटचं सॉफ्टवेअर. आणि तीन संध्याकाळी काळा पडदा! माउस फिरतोय, आवाज येतोय, चित्र मात्र नाही. पुन्हा इन्स्टॉल केलं, ड्रायव्हर बदलला, अॅडमिन म्हणून चालवलं, फरक शून्य. कारण सापडलं ते असं: लॅपटॉपला ग्राफिक्सच्या चिप दोन. पडदा एकीवर चालतो, ओबीएस दुसरीवर, मग डिस्प्ले कॅप्चरच्या, म्हणजे ओबीएसमधल्या अख्खा पडदा टिपायच्या सोयीच्या, हाती काही लागत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स सेटिंग्ज. तिथे ओबीएस जोडून 'पॉवर सेव्हिंग' निवडलं, ओबीएस बंद करून पुन्हा उघडलं आणि खरेदीखत दिसलं. आत्या म्हणाली, "अरे, आला की कागद!"

व्हिडिओची फाइल एमकेव्ही प्रकारातच ठेवली, कारण मध्येच लाइट गेली तरी तोवरचं वाचतं. ओबीएसच्या सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्डमध्ये तिची आपोआप एमपी४ करायची खूण केली, आत्याने ती एमपी४च पाठवायची. एफ९ सुरू, एफ१० बंद. आत्याने आपल्या पाकिटातल्या टिकल्या लावल्यात, एफ९ वर हिरवी, एफ१० वर लाल.

हे लिहितानाच सुचलं: ओबीएसच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' या रकान्याच्या शेवटी दोन डॅश आणि 'स्टार्टरेकॉर्डिंग' जोडलं, की उघडताक्षणी रेकॉर्डिंग सुरू होतं. 'मिनिमाइझ-टू-ट्रे'ही (शब्दांच्या मध्येही डॅश) तसंच जोडता येतं, म्हणजे ती सगळी पॅनेल तिच्यासमोर येणारच नाहीत. रविवारी आधी हेच करून बघणार. जमलं तर हिरवी टिकली काढायची.