आधी लोड, मग ट्रान्झिस्टर

दोन कामं करायची होती. गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, आणि ओट्यावरच्या एलईडी पट्टीचा उजेड कमी-जास्त करता यावा. दोन्हींना ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या हुकमावर मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, लागणार एवढं ठाऊक होतं. पण सर्किटं शोधायला बसलो तर एकात २एन३९०४, दुसऱ्यात बीसी५४७, तिसऱ्यात एसएल१००, आणि तिन्ही व्यवस्थित चालणारी. मग यातला आपण कुठला घ्यायचा?

मला उत्तर सापडलं ते नंबर बाजूला ठेवल्यावर. ट्रान्झिस्टरने काय चालवायचं आहे (म्हणजे लोड), त्याला किती व्होल्ट आणि किती करंट लागतो, आणि त्याला हुकूम कोण देणार, हे आधी कागदावर लिहिलं. निम्मी निवड त्या कागदावरच झाली.

पंपाचंच घ्या. पंपाचा करंट ट्रान्झिस्टरमधून जातच नाही. तो कॉन्टॅक्टरमधून (कॉइलने ओढला जाणाऱ्या दणकट स्विचमधून) जातो, कॉन्टॅक्टरची कॉइल रिले (तसाच, पण छोटा स्विच) चालवतो आणि ट्रान्झिस्टरला फक्त त्या रिलेची कॉइल ओढायची असते. (मेन्सच्या बाजूचं वायरिंग मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. तिथे हौस नको.) रिले १२ व्होल्टचा, मल्टिमीटरवर कॉइल ४०० ओहम. म्हणजे करंट ३० मिलिअँपिअर. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर, तेव्हा तो आरामात पुरतो. ट्रान्झिस्टरचे पाय तीन: बेसला हुकूम द्यायचा, की कलेक्टरकडून एमिटरकडे करंट वाहतो. बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरमधून वाहू शकतो, तो गेन. त्याचा गेन शंभराच्या वर असला तरी स्विच म्हणून वापरताना मी त्या आकड्यावर विसंबत नाही. कलेक्टरच्या करंटचा दहावा भाग बेसला देतो, म्हणजे इथे ३ मिलिअँपिअर. हुकूम ५ व्होल्टचा, त्यातले ०.७ बेस-एमिटरवर जातात, उरलेल्या ४.३ ला ३ मिलिअँपिअरने भागलं की साधारण १.४ किलोओहम येतात. मी १.२ चा रेझिस्टर लावला. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच. रिले सुटताना कॉइल जो व्होल्टेजचा झटका मारते, त्यापुढे ट्रान्झिस्टरचे ४५ व्होल्ट टिकत नाहीत.

एलईडी पट्टीचा हिशोब निराळा. पाच मीटर पट्टी, १२ व्होल्ट, २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर. इथे बीसी५४७ चा प्रश्नच नाही. टिप१२२ घ्या असं बरेच जण सुचवतात. तो ५ अँपिअरचा डार्लिंग्टन (एकापुढे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर एकाच खोक्यात) आहे, काम करतोही. पण डार्लिंग्टन पूर्ण चालू असतानाही त्याच्यावर एक व्होल्टच्या आसपास पडतो. २ अँपिअरला म्हणजे दोन वॅटची नुसती उष्णता, आणि ओट्याखालच्या बंद डबीत हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) बसवायचा कुठे? म्हणून मी मॉसफेटकडे वळलो. हा ट्रान्झिस्टर गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालतो. आयआरएलझेड४४एन ला गेटवर ५ व्होल्ट दिले की त्याचा रोध ०.०२५ ओहमपर्यंत खाली येतो, म्हणजे २ अँपिअरला उष्णता वॅटच्या दहाव्या भागाएवढी. हात लावला तर गरमही लागत नाही.

नावातल्या त्या एका ‘एल’ साठी मी दुकानात अडून बसलो. आयआरएफझेड४४एन सगळीकडे मिळतो आणि दिसतोही तसाच, पण त्याचा कमी रोध गेटवर १० व्होल्ट असतानाचा दिलेला असतो. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) त्याचा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट दिसतो खरा, पण तो मॉसफेट जेमतेम उघडायला लागल्याचा आकडा आहे. पाव मिलिअँपिअर वाहण्याइतपत. पूर्ण उघडल्याचा तो नव्हे. मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपच्या) पिनवरून थेट चालवायचा असेल तर ‘एल’ वालाच मागा.

खरेदी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केली. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जवळचा. काउंटरवरच्या काकांना “ट्रान्झिस्टर द्या” म्हटलं असतं तर ते मला गिऱ्हाइकांच्या गर्दीत विसरून गेले असते. मी चिठ्ठी पुढे केली.

“बीसी५४७ किती? सुट्टे की पाकीट?”

“काका, पन्नास द्या, बी ग्रेडचे. आणि तेवढेच ५५७.”

“पन्नास कशाला? काम एकच आहे ना?”

पन्नास मुद्दामच. (५५७ म्हणजे ५४७ चा पीएनपी जोडीदार, ज्यात करंट उलट्या दिशेने वाहतो.) छोटे ट्रान्झिस्टर घाऊक घेतले तर एक-दोन रुपयांना पडतात. एकाच लॉटमधले असले की गुणही बरेचसे सारखे निघतात, आणि रविवारी रात्री एक जळाला म्हणून काम अडत नाही. दहा जातींचे पाच-पाच घेण्यापेक्षा दोन जातींचे पन्नास-पन्नास घ्यावेत आणि त्यांची पाठांतर झाल्यासारखी ओळख करून घ्यावी, हे माझं ठाम मत. बी ग्रेड म्हणजे गेन २०० ते ४५०. रिलेला ए, बी, सी काहीही चालतं, पण मला पुढे माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारं सर्किट) करायचा होता, तिथे गेनचा अंदाज असलेला बरा.

काकांनी जाता जाता लाखमोलाचं सांगितलं. “पाय बघून लावा. कंपनी बदलली की पाय बदलतात.” बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ बरोबर उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. आणि जपानी सी१८१५ मध्ये बेस मधे नसतोच, उजव्या टोकाला असतो. २२२२ च्या प्लॅस्टिक आवृत्त्यांत तर दोन्ही क्रम सापडतात. म्हणून डेटाशीट नुसत्या नंबराची बघून भागत नाही, हातातल्या कंपनीची बघावी लागते.

घरी आल्यावर प्रत्येक लॉटमधले थोडे तपासले. मल्टिमीटर डायोडवर ठेवून बेसपासून दोन्हीकडे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले की माल जिवंत. दोन्हींत किंचित जास्त दाखवतो तो एमिटर. गेन मोजायची खोबण असेल तर दोन्ही दिशांनी लावून बघा. कलेक्टर आणि एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर थोडासा चालतो, गेन मात्र अगदी कमी येतो. हे माहीत असलं की “सर्किट अर्धवट चालतंय” या कोड्याचा उलगडा पटकन होतो.

खरी सावधगिरी मोठ्या ट्रान्झिस्टरांत लागते. दोन रुपयांच्या बीसी५४७ ची नक्कल करून कुणाला काय मिळणार? २एन३०५५ चं तसं नाही. मोठ्या धातूच्या टोपीखाली बारीकशी चिप बसवून १५ अँपिअरचा म्हणून विकलेले नग बाजारात फिरतात. वीजपुरवठ्यासाठी मी तो ऑनलाइन मागवला तेव्हा आधी स्कूटरच्या बॅटरीवर २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लोड म्हणून लावला, बेसला ६८ ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरमधून करंट दिला आणि कलेक्टर-एमिटरमध्ये व्होल्टेज मोजलं. पावणेदोन अँपिअरला ते एक व्होल्टच्या बरंच खाली हवं. एका पाकिटातले त्याहून वर गेले आणि बघता बघता तापले. विक्रेत्याने पैसे परत केले, पण चाचणी केली नसती तर तेच वीजपुरवठ्यात बसले असते.

जुन्या मराठी-इंग्रजी मासिकांतली आणि पॉलिटेक्निकच्या वह्यांमधली सर्किटं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यांत एसएल१०० आणि एसके१०० हमखास असतात. आता ते शोधत फिरण्यात अर्थ नाही. रिले, बझर, छोटी मोटर अशा कामांना एसएल१०० च्या जागी मी बीडी१३९ लावतो: ८० व्होल्ट, दीड अँपिअर, आणि हीटसिंकला स्क्रूने कसता येतो. एसके१०० च्या जागी त्याचा पीएनपी जोडीदार बीडी१४०. नाव असलेली बाजू आपल्याकडे धरली तर पाय एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात, त्यामुळे जुन्या पीसीबीवर बसवताना ते वाकवून घ्यावे लागतात. उघड्या पायांवर स्लीव्ह चढवा, म्हणजे एकमेकांना टेकणार नाहीत.