वहिवाट

मी बेळगावात वकिली करतो आणि मधूनमधून कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात मीडिएटर म्हणून बसतो. तिथलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून माणसं ओळखू येतील असं सगळं बदललंय, आकडेसुद्धा. शब्द तेवढा बदललेला नाही, कारण सगळा घोळ त्या एका शब्दाचाच होता.

घर शहापुरातलं, विणकराचं. फाईलमधल्या फोटोत पुढच्या खोलीत हातमागाचा खड्डा दिसत होता, माग कधीच मोडीत गेलेला, खड्ड्यावर दोन फळ्या आणि फळ्यांवर रिकामी गॅस टाकी. रस्त्याच्या बाजूला एक गाळा, झेरॉक्सवाल्याला भाड्यानं दिलेला. बाप गेला तेव्हा मागं दोन मुलगे, एक मुलगी आणि बापाची विधवा बहीण, म्हणजे यांची आत्या. बापानं विल करून ठेवलेलं, मराठीत, हातानं लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. रजिस्टर केलेलं नव्हतं, पण विल रजिस्टर करायलाच पाहिजे असं काही नाही. आणि एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे विलप्रमाणे सगळं पार पाडायला, नेमलं होतं आपल्या मित्राला, एका रिटायर मास्तरांना.

थोरला पुण्यात, त्यानं वाटणीचा दावा घातलेला. धाकटा इथंच त्या घरात राहणारा. त्यानं आत्याकडून, विलमध्ये तिच्यासाठी ठेवलेली माडी आणि मागची खोली चार लाखाला घ्यायचा करार करून घेतलेला, नोटरीसमोर, पन्नास हजार ॲडव्हान्स देऊन. आणि दोघा भावांचं एका बाबतीत अगदी एकमत, की मास्तरांनी गाळ्याचं भाडं खाल्लं.

त्या दिवशी सकाळी दहालाच सगळे हजर. थोरला बसायच्या आधीच सुरू झाला, "साहेब, ताईचं लग्न होऊन वीस वर्षं झाली, तिला कशाला यात?" मी म्हटलं थांबा, आधी घर कुणाचं ते बघू. सिटी सर्व्हेचा उतारा आणि खरेदीखत, दोन्हीवर बापाचं नाव, स्वतःच्या कमाईचं घर. मग त्यानं कुणाला द्यायचं हा त्याचा प्रश्न, आणि त्यानं तिघांना सारखं दिलेलं. वडिलोपार्जित असतं तरी "लग्न झालंय" एवढ्यावर भागलं नसतं, 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं त्यातले उरलेसुरले वादही मिटवले. आमच्या कर्नाटकात तर 1994 सालीच मुलींना घेतलं होतं, फक्त त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. हे मी दर दोन महिन्यांनी कुणाला ना कुणाला सांगतो आणि दरवेळी समोरचा भाऊ असा बघतो की जणू मी हे आत्ताच टेबलाखालून काढलं.

मग मास्तर. ऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. धाकटा म्हणाला, "तीन वर्षं भाडं घेऊलालेत, एक रुपाय दिला नाहीत." मास्तर ताडकन, "मी काय घरी नेलो काय? पुस्तक बघ की!" पिशवीतून शंभर पानी वही काढली. झेरॉक्सवाल्याचं महिन्याला तीन हजार, छत्तीस महिन्यांचे 1,08,000. खर्चाच्या बाजूला घरपट्टी, लाईट बिल, आत्याच्या खोलीवरचे पत्रे बदलले ते, बाराव्याला कमी पडलेले ते, सगळं मिळून 41,300, आणि प्रत्येक नोंदीला टाचणीनं पावती. एके ठिकाणी लिहिलं होतं "टाचण्या 1 डबी, 20 रु., स्वतःचे". थोरल्यानं वही तीनदा उलटसुलट चाळली. बाकी राहिलेले 66,700 पोस्टात, पासबुक वहीत.

आमच्याकडे प्रोबेट, म्हणजे विल कोर्टाकडून शाबीत करून घेणं, सक्तीचं नव्हतंच, मुंबई शहरात लागायचं तसं, त्यामुळे लोकांना वाटतं एक्झिक्युटर म्हणजे विलवर शोभेला घातलेलं नाव. तसं नाहीये. 1925 च्या उत्तराधिकार कायद्यानं मयताची इस्टेट त्याच्याकडे जाते, मालक म्हणून नव्हे तर देणी भागवून वाटून द्यायला, आणि हिशेब त्याला द्यावाच लागतो. मास्तर हिशेब द्यायला तीन वर्षं बसलेले, मागायला कुणी गेलंच नाही.

हे अर्ध्या तासात मिटलं. मग गाडी अडली ती आत्याच्या करारावर.

विल मराठीत असल्यामुळे दाव्याबरोबर त्याचं कन्नड भाषांतर जोडलेलं होतं. त्यात आत्याबद्दलच्या वाक्यात होतं, माडी व मागची खोली हिनं हयात असेपर्यंत "वहिवाटु माडबेकु". कन्नडमध्ये वहिवाटु म्हणजे व्यवहार, उलाढाल. धाकट्याच्या वकिलाचं म्हणणं, बघा, तिला व्यवहार करायचा हक्क दिलाय, मग तिनं विकलं तर बिघडलं कुठं. थोरल्याचा वकील तेच भाषांतर धरून भांडत होता, की फक्त भाड्यानं द्यायचा व्यवहार, विक्रीचा नाही. आणि मी, जन्मानं मराठी, आदल्या रात्री तीच कन्नड प्रत वाचून आलेलो, कारण टाईप केलेली होती, वाचायला सोपी. व्यवहाराची व्याप्ती किती यावर दोन पानं टिपणंसुद्धा काढलेली! मूळ विलचा झेरॉक्स त्याच फाईलमध्ये तीन पानं मागं होता.

मी कन्नड वाक्य मोठ्यानं वाचलं तसं मास्तरांनी मान वर केली. "काय म्हणूलालासा? व्यवहार? कुणी लिहिलंय व्यवहार?" पिशवीतून त्यांच्याकडची मूळ प्रत काढली आणि बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करत, वर्गात वाचतात तसं वाचलं, "वहि-वा-टा-वी. वहिवाटणे. क्रियापद आहे. सातवीच्या पोराला कळतंय."

खोलीत पाचेक सेकंद कुणी बोललंच नाही. मला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या कळत होत्या. आमच्याच भागात जुन्या महसुली कागदांत "वहिवाट" हा शब्द कन्नडमध्येसुद्धा ताबा, उपभोग याच अर्थानं येतो, एखाद्या जुन्या कारकुनाला विचारलं असतं तर त्यानं तिथंच सांगितलं असतं. पण भाषांतर करणाऱ्या पोराला तो शब्द बाजारातला वाटला, त्याला दोष देऊन तरी काय उपयोग, आम्ही तीन मराठी वकील तेच वाचत बसलो होतो.

आत्या आतापर्यंत गप्प होती. मी विचारलं, भावानं तुम्हाला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "ऱ्हा म्हणाला. जिवंत हाईस तवर कोण हालवणार नाही म्हणाला." मग करारावर सही कशी केली? तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे पाहिजे होते, आणि धाकटा म्हणाला अंगठा नको, सहीच कर. धाकटा खाली बघत होता. तो लबाड वगैरे नव्हता हो, त्याला खरंच वाटत होतं की कागदात तसं लिहिलंय, आणि खोली थोरल्याच्या हाती जायच्या आधी आपल्याकडे यावी. थोरला पुण्याहून येऊन ऑपरेशन करून देणार नव्हताच, हे मी त्याच्या तोंडावर बोललो नाही, ताई बोलली.

पुढचं पटपट झालं. करार रद्द. धाकट्याचे पन्नास हजार गाळ्याच्या शिल्लक पैशातून परत, उरलेले 16,700 आत्याला, पुढचं भाडंही ती असेपर्यंत तिला, हे ताईनं सुचवलं आणि भावांना नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. घर तिघांच्या नावावर. कर्नाटकात घरच्या घरात वाटणी असली की स्टँप ड्युटी घराच्या किमतीवर नाही, हिश्श्यामागे ठरावीक लागते, हे ऐकल्यावर थोरल्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मास्तर सगळ्या कागदांवर संमतीची सही करणार. तडजोड कन्नडमध्ये टाईप करताना मी टायपिस्टच्या मागं उभा राहिलो आणि वहिवाट काढून "जीवंत इरुववरेगे वासद हक्कु" घालायला लावलं, जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क, मग तेच आत्याला मराठीत दोनदा वाचून दाखवलं. असल्या तडजोडीवर कोर्टाचा हुकूमनामा झाला की सहसा अपील नाही, तिथं चुकून चालत नाही.

साडेचार वाजले. सह्या झाल्या, ताईनं डब्यातला कुंदा फिरवला, मास्तरांनी घेतला नाही, शुगर. मग त्यांनी पिशवीच्या तळातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. धाकट्यानं हात पुढं केला तर मास्तरांनी जुडग्यावर तळवा दाबून धरला.

"पावती?"

धाकट्याला कळेना. मीच एक कोरा कागद दिला, तो लिहू लागला आणि मास्तर सांगू लागले, "कुलपं दोन. किल्ल्या चार. त्यातली एक माडीची, गंजलेली. गंजलेली असं लिही, नंतर म्हणशील चांगली होती."