तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं सोबत असेल तर धाडस कसलं?

मोहिमांवर बोलायला किंवा नकाशा-होकायंत्राचा वर्ग घ्यायला गेलो की शेवटी कुणीतरी हात वर करतंच. शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो: 'खिशात जीपीएस, मनगटावर स्मार्टवॉच, वर उपग्रह. एवढं सगळं सोबत असेल तर त्याला धाडस का म्हणायचं?' अलीकडे चित्रं काढणारी, फिल्म करू पाहणारी मुलंही हेच विचारतात. कॉम्प्युटरच सगळं करणार असेल तर त्यात माझं काय? कार्यक्रम संपत आलेला असतो, दोन मिनिटांत उत्तर होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. साधनांवाचूनचं धाडस कधी नव्हतंच. आज ज्याला आपण 'जुन्या पद्धतीचं' म्हणतो ते त्या काळातलं अगदी ताजं तंत्रज्ञान होतं. भर समुद्रात रेखांश काढता यावा म्हणून ब्रिटिश संसदेने १७१४ साली मोठं बक्षीस लावलं होतं. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने उभं आयुष्य खर्ची घालून हेलकाव्यांतही बिनचूक चालेल असं घड्याळ बनवलं. घड्याळच का, तर पृथ्वी चार सेकंदांत जेवढी फिरते तेवढ्यात विषुववृत्तावर एका नॉटिकल मैलाचा फरक पडतो. घड्याळ मिनिटभर चुकलं की नकाशावरची तुमची खूण पंधरा मैल सरकली.

हे ध्यानात ठेवून १९१६ सालची ती होडी डोळ्यांसमोर आणा. मोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन याचं 'एन्ड्युरन्स' हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून बुडालेलं. एलिफंट बेटावर अडकलेल्या सोबत्यांसाठी मदत आणायला सहा माणसं जेमतेम सात मीटर लांबीच्या होडीतून सुमारे आठशे नॉटिकल मैलांवरच्या साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाली. दिशा काढायचं काम फ्रँक वर्स्लीकडे. सोळा-सतरा दिवसांच्या त्या प्रवासात सूर्य नीट दिसला तो मोजून चार वेळा. तो दिसला की वर्स्ली गुडघे टेकून बसायचा, पाण्यात फेकला जाऊ नये म्हणून दोघं त्याला धरून ठेवायचे. होडी लाटेच्या माथ्यावर चढली की क्षणभर क्षितिज दिसायचं. तेवढ्या क्षणात सेक्स्टंटच्या (सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाच्या) आरशातला सूर्य क्षितिजावर टेकवायचा आणि ओरडायचं. आत ताडपत्रीखाली शॅकल्टन घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसलेला असे, तो वेळ टिपून घ्यायचा. मग भिजलेल्या कोष्टकांवरून आकडेमोड.

पण मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. बेट जवळ आलं तेव्हा वर्स्लीने शॅकल्टनला सांगितलं की माझ्या हिशोबात दहा मैलांची चूक सहज असू शकेल. व्हेल पकडणाऱ्यांची वस्ती बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होती. थेट तिकडे जायचं आणि बेट हुकलं, तर वारा होडीला मोकळ्या समुद्रात घेऊन जाणार, आणि तिथून परतणं अशक्य. म्हणून त्यांनी मुद्दाम निर्मनुष्य पश्चिम किनारा धरला. त्याची किंमत मोजली. शॅकल्टन, वर्स्ली आणि होडीतला आणखी एक सोबती क्रीन यांना मधले नकाशात नसलेले, बर्फाने झाकलेले डोंगर सुमारे छत्तीस तास चालून ओलांडावे लागले. सेक्स्टंटने आकडा दिला. त्या आकड्यावर किती विसंबायचं, हे मात्र माणसांनी ठरवलं. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे: धाडस त्या ठरवण्यात असतं. साधन कितीही बदललं तरी तेवढं काम माणसाकडेच राहतं. त्याने ते साधनावर सोपवलं नाही म्हणजे झालं.

(बुडालेलं 'एन्ड्युरन्स' मार्च २०२२ मध्ये सापडलं, ३००८ मीटर खोलवर. शोधलं ते पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांनी, पण शोध सुरू केला तो वर्स्लीने नोंदवून ठेवलेल्या जागेवरून. जहाज तिथून चारेक मैलांवर निघालं.)

आता आपल्या फोनकडे येऊ. फोनमधलं जीपीएस उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी ते चालतं. नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा, एवढंच. मोकळ्या जागी ते तुमची जागा काही मीटरच्या फरकाने सांगतं. अरुंद दरीत मात्र संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतात आणि तुमचा ठिपका भलतीकडे उडी मारतो. थंडीत लिथियम बॅटरी आतला विद्युतरोध वाढल्यामुळे एकदम मान टाकते. चाळीस टक्के दाखवणारा फोन बंद पडतो आणि अंगाच्या उबेत ठेवला की पुन्हा जिवंत होतो. म्हणून थंडीत फोन आतल्या खिशात, फ्लाइट मोडवर. हे सगळं शिकता येतं. शिकवायला अवघड आहे ते वेगळंच. तो निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो. पुढे जावं की मागे फिरावं, हे तो सांगत नाही. ढग उतरताहेत, एकाचा पाय मुरगळलाय, उजेड तासाभराचाच उरलाय, यातलं त्याला काहीही कळत नाही. वर्गात मी एकच शिस्त लावतो. स्क्रीन चालू करण्याआधी कागदी नकाशावर बोट ठेवून 'आपण इथे आहोत' असं म्हणायचं, मग फोन बघायचा. दोन्ही जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर थांबून का ते शोधायचं. ही सवय लागलेल्या माणसाच्या हातात फोन फार सुंदर वस्तू आहे.

साधनांशी कसं वागावं याचं माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण गोल्डन ग्लोब रेसमध्ये मिळतं. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही शर्यत. नियम मुद्दाम १९६८च्या काळातले: सेक्स्टंट, कागदी नकाशे, जीपीएस नाही. तरीही प्रत्येक बोटीवर सीलबंद जीपीएस असतं, संकटात हाक देणारा बीकन असतो आणि आयोजकांना छोटे संदेश पाठवायचं एक उपकरण असतं. २०२२च्या शर्यतीत, नोव्हेंबरमध्ये, फिनलंडच्या तापियो लेहतिनेनच्या बोटीत अचानक पाणी शिरलं आणि काही मिनिटांत ती बुडाली. तो जेमतेम लाईफ राफ्टमध्ये चढला. बीकनची हाक उपग्रहाने पकडली. सर्वांत जवळ होती दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर, तीही शर्यतीत. तिला जीपीएसचं सील तोडायची परवानगी मिळाली. रात्रभर बोट हाकून ती तिथे पोचली. जवळ येऊनही लाटांमध्ये राफ्ट तिला दिसेना, म्हणून रेडिओवर बोलत बोलत तिने त्याला गाठलं, बोटीवर घेतलं आणि एका मालवाहू जहाजावर सुखरूप चढवलं. मग पुन्हा सेक्स्टंट हातात घेऊन ती पुढे निघाली आणि एप्रिल २०२३ मध्ये ती शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. सील तोडल्याने तिचं धाडस कमी झालं असं कुणी म्हणेल का?

त्याच शर्यतीत दुसरे आले भारताचे अभिलाष टॉमी. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची बोट उलटवली होती. डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, उठता येईना. तशा अवस्थेत त्यांनी पाठवलेले मोजके संदेश आणि बीकन यांच्यामुळे विमानाने त्यांना शोधलं आणि तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने उचललं. मणक्यात टायटॅनियमच्या सळया बसवून हा माणूस पुन्हा त्याच समुद्रात गेला. बीकनने त्यांना वाचवलं. परत जायचं त्यांनी ठरवलं.

या बीकनमागची कॉस्पास-सारसॅट यंत्रणा शीतयुद्धाच्या ऐन काळात सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभारली आणि १९८२ पासून ती माणसं वाचवते आहे. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांनी हरवलेल्या माणसांची हाक मात्र एकत्र ऐकायचं ठरवलं. तंत्रज्ञानाबद्दल मला खरोखर कृतज्ञ वाटतं ते अशा वेळी.

सोबतीला दुसरी बाजूही आहे. १९६८च्या मूळ शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट रेडिओवरून खोट्या जागा कळवत राहिला. जगाला तो विक्रमी वेगाने जातोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच घुटमळत होता. पुढे त्याची बोट रिकामी सापडली. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचा रेडिओ बंद पडला, कित्येक महिने त्याची खबर नव्हती, आणि ३१२ दिवसांनी तो पहिला आणि एकमेव म्हणून परतला. (त्याची 'सुहैली' मुंबईत बांधलेली होती, हे आवर्जून सांगतो.) आज लाइव्ह ट्रॅकिंगवर हजारो डोळे असतात. लोक बघताहेत म्हणून मागे फिरायला संकोच वाटत असेल तर तो ट्रॅकर बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कलेचंही असंच आहे. 'एन्ड्युरन्स'वरचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने जहाज बुडत असताना बर्फाळ पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. सगळ्या नेणं शक्य नव्हतं. तो आणि शॅकल्टन बर्फावर बसून एकेक काच पाहत गेले. सुमारे एकशेवीस ठेवल्या आणि मन बदलू नये म्हणून उरलेल्या चारशेच्या आसपास तिथेच फोडल्या. नंतर त्याच्याकडे उरला खिशात मावणारा एक कॅमेरा आणि तीन रोल. शंभर वर्षांनंतर आपण ती मोहीम पाहतो ती त्या निवडीतून.

आणि अगदी आजचं उदाहरण. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर २००२ मध्ये बंद पडायच्या बेतात होतं. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी मोफत आणि खुलं करून घेतलं. त्याच ब्लेंडरमध्ये लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने छोट्या चमूसह 'फ्लो' हा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तो स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची आधी काढलेली चित्रं, काढत नाही. कॉम्प्युटरमध्ये उभ्या केलेल्या जगात कॅमेरा घेऊन हिंडतो आणि दृश्य कुठून बघायचं ते तिथेच शोधतो. या कामाला पाच वर्षांहून जास्त काळ लागला. त्याच्यापाशी असलेलं सॉफ्टवेअर तुम्हीही आज रात्री फुकट उतरवून घेऊ शकता. ती पाच वर्षं मात्र तुमची तुम्हालाच घालावी लागतील. एआयबद्दल विचारणाऱ्यांनाही मी हेच विचारतो: दहा चित्रं समोर आल्यावर नऊ का फेकलीत, हे तुम्हाला सांगता येतं का? येत असेल तर खुशाल वापरा.

एक प्रश्न राहिला, सगळ्यात जास्त विचारला जाणारा: कोणतं उपकरण घेऊ? दुर्गम भागात जाणार असाल तर बीकन किंवा सॅटेलाइट मेसेंजर घ्या. त्याआधी तुम्ही जाणार त्या देशात तो बाळगायला परवाना लागतो का ते पाहा, कारण काही ठिकाणी विनापरवाना उपकरणावरून अटकही होऊ शकते. बीकनची नोंदणी करा. त्यात घरच्या कुणाचा तरी फोन नंबर द्यावा लागतो आणि हाक आली की बचाव केंद्र साधारणपणे आधी त्याच नंबरवर फोन करून खातरजमा करतं. म्हणून ज्याचा नंबर दिलाय त्याच्यापाशी एक कागद ठेवून जा. त्यावर वाट, सोबत्यांची नावं, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत वाट बघून कुणाला कळवायचं, हे सगळं लिहा. अनोळखी नंबरवरून मध्यरात्री फोन आला तर तो उचलायचाच, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.